कडेने गेलेली हवा

डॉक्टरांनी गाडी शर्यतीच्या ट्रॅकवरून आत घेतली तेव्हा बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती आणि मिस्त्री दोन्ही हात पसरून सांगत होते, "झाकणाला हात लावू नका कुणी." हात लावणार तरी कोण होतं? तिथे माणसं तीनच. डॉक्टर गाडीतून उतरून केव्हाच लांब जाऊन उभे राहिले होते. मिस्त्रींची लेक जुन्या टायरांच्या ढिगावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती आणि पडद्यावरची तापमानाची चढत गेलेली रेघ पुन्हा पुन्हा बघत होती.

डॉक्टर दातांचे. आठवडाभर दुसऱ्यांचे दात सांभाळायचे आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचे दातओठ खात गाडी पळवायची, हा त्यांचा शौक. गाडी भन्नाट होती, पण उन्हात चार फेऱ्या मारल्या की इंजिन तापायचं. म्हणून तर हा नवा रेडिएटर बनवला होता. आता तो पहिल्याच दिवशी तोंडावर पडला होता.

"कंपनीचा होता तो तरी याच्यापेक्षा जरा जास्त टिकायचा," डॉक्टर म्हणाले. दात उपटण्याआधी पेशंटला 'काही दुखणार नाही' असं सांगतात ना, त्याच आवाजात म्हणाले. त्यामुळे ते जास्तच लागलं.

मिस्त्रींचा जन्म रेडिएटर दुरुस्त करण्यात गेला. टॅक्सी, ट्रक, शाळेच्या बस, एकदा तर अग्निशमनाचा बंबही त्यांच्या दारात उभा राहिला होता. पण ती सगळी दुसऱ्यांनी बनवलेल्या मालाला लावलेली ठिगळं. आपला स्वतःचा रेडिएटर बनवावा हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ते लेकीच्या डोक्यातून निघालं. मोटारींच्या मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून ती घरी आली आणि म्हणाली, "बाबा, तुमचा हात आणि माझं ड्रॉइंग." डॉक्टरांच्या क्लबात तशाच गाड्या बाळगणारे आणखीही शौकीन होते. डॉक्टरांची गाडी टिकली तर आम्हीही घेऊ, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

कंपनीत ती सीटच्या विभागात होती. रेडिएटर ती शिकली बापाकडूनच. पाणी नळ्यांतून फिरतं, हवा जाळीतून आरपार जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते, बस, एवढंच शास्त्र. तिने जाळी जाड केली, प्लॅस्टिकच्या टाक्या काढून ॲल्युमिनियमच्या घेतल्या, आणि मिस्त्रींनी त्या अशा जोडल्या की शिंप्याने टीप बघून मान खाली घालावी. दोघं एकाच टेबलावर वाकून काम करत, एकाच पेल्यातला चहा अर्धा अर्धा करत. मिस्त्रींच्या आयुष्यात याहून सुखाचे दिवस आले नव्हते, आणि हे त्यांना तेव्हाही कळत होतं.

तेवढ्यात कंपनीने तिला पुन्हा बोलावलं. नवा कारखाना, लांबचं शहर. तिने घरात सरळ सांगितलं होतं, की ट्रॅकवर जमलं तर राहते, नाहीतर जाते, आणि चाचणीनंतर लगेच उत्तर द्यायचंय. मिस्त्री त्यावर फक्त "बघू" म्हणाले. त्यांचं सगळं 'बघू'त असायचं. 'जाऊ नकोस' हे दोन शब्द त्यांच्या ओठांवर येऊन बसले होते, पण लेकीच्या वाटेत बापाने आडवं पडू नये, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

दुपारी गॅरेजात गाडी निवल्यावर मिस्त्रींनी रेडिएटर काढायला घेतला. लेक मागे पान्हे देत होती. जाळी अर्धी बाहेर आली आणि त्यांचा हात थांबला. ट्रॅकवरचे किडेमकोडे जाळीवर जवळजवळ नव्हतेच. ते सगळे चिकटले होते बाजूच्या पत्र्यावर, जाळी आणि बॉडी यांच्यामधल्या बोटभर फटीत. हवा जाळीतून गेलीच नव्हती. ती कडेच्या मोकळ्या वाटेने निघून गेली होती.

मिस्त्रींना आठवलं. कंपनीच्या मूळ रेडिएटरला कडेने फोमच्या पट्ट्या होत्या, फट बुजवणाऱ्या. त्या त्यांनीच खरवडून फेकल्या होत्या. जुन्या टॅक्सीचा रेडिएटर आला की त्याच्यावर असला फोम असायचा, कुजलेला, तेलात भिजलेला, आणि तो काढून टाकल्याने टॅक्सीचं कधी काही बिघडलं नव्हतं. मळका माल टेबलावर ठेवायचा नाही हा त्यांचा दंडक. डॉक्टरांच्या गाडीतला मूळ रेडिएटरही त्यांनी तसाच घासूनपुसून लेकीपुढे ठेवला होता, तिचे हात काळे होऊ नयेत म्हणून. तिने मापं घेतली ती त्या स्वच्छ रेडिएटरची. पट्ट्या तिने पाहिल्याच नव्हत्या, मग त्या ड्रॉइंगमध्ये येणार कुठून?

ते वळले. सांगायलाच वळले होते. पण लेकच आधी बोलली.

"मी सगळे जोड बघितले, बाबा. एक थेंब गळलेला नाही. तुमच्या कामात खोट नाही. खोट माझ्या हिशेबात आहे. जाळी उगाच एवढी जाड केली मी."

मिस्त्रींनी आयुष्यभर गिऱ्हाइकांची शाबासकी ऐकली होती. पण ज्याला काम कळतं अशा माणसाने, आणि तेही पोटच्या पोरीने, 'तुमच्या कामात खोट नाही' असं म्हणणं त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं. सकाळी सांगू, शांतपणे सांगू, एक संध्याकाळ तरी हे वाक्य आपल्याजवळ राहू दे, असं त्यांना वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं. ते पान्हे पुसत बसले.

संध्याकाळी लेक अर्धवट जेवूनच ताटावरून उठली आणि आपल्या खोलीत गेली. दोन खोल्यांमध्ये भिंत म्हणून प्लायवुड होतं. आधी तिचा फोनवरचा आवाज आला, अगदी नीटस, ऑफिसातला. मग रडणं, उशीत दाबलेलं. मिस्त्री भिंतीच्या अलीकडे स्टुलावर बसून ते ऐकत राहिले.

"अहो, जा ना, बोला तिच्याशी," बायको म्हणाली.

"सकाळी बोलतो," ते म्हणाले.

सकाळी ते सगळ्यांच्या आधी गॅरेजात गेले. फोम आणला, पट्ट्या कापल्या, चारही कडांना चिकटवल्या आणि रेडिएटर पुन्हा बसवला. लेक आली आणि बघत उभी राहिली. तिला सांगावं लागलं नाही असं नाही, पण सांगायला फार शब्द लागले नाहीत. पट्ट्या, टॅक्सी, खरवडणं, टेबल. ती हुशार होती, निम्म्यातच सगळं समजली. तिने वाकून फटीवरून बोट फिरवलं.

"केव्हा कळलं तुम्हाला?"

"काल. काढताना."

"मी बोलले त्याच्या आधी की नंतर?"

"आधी."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. "चुकीचं मला काही वाटत नाही हो," ती म्हणाली. "बॉडीला एवढी फट आहे हे मलाही दिसायला हवं होतं. पण काल भिंतीपलीकडे तुम्हीच बसला होतात ना? स्टूल करकरत होतं."

मिस्त्रींनी मान हलवली.

"मी रडत होते, आणि तुम्हाला कारण माहीत होतं."

ते पट्टीचा एक कोपरा पुन्हा पुन्हा दाबत राहिले. तो आधीच पक्का बसला होता.

"मी कालच हो म्हणून कळवलंय," ती म्हणाली, आणि गाडीची किल्ली घ्यायला गेली.

त्याच दिवशी पुन्हा ट्रॅकवर नेली गाडी. ऊन कालच्यासारखंच होतं. डॉक्टर फेऱ्यांवर फेऱ्या मारत राहिले आणि तापमानाचा काटा जिथे होता तिथून हलला नाही. शेवटी पेट्रोल संपत आलं म्हणून ते आत आले आणि त्यांनी मिस्त्रींना मिठीच मारली. क्लबातल्या मंडळींना त्यांनी तिथूनच फोन लावले. लेक हसली, डॉक्टरांशी छान बोलली, आकडे समजावून सांगितले. परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत होती.

"अजून सांगा तिला, राहा म्हणून," बायको त्या दिवशी म्हणाली.

"तिने शब्द दिलाय."

"शब्द तिने दिलाय. तुमचं तोंड कुणी बांधलंय?"

खरं होतं ते. पण जो माणूस काल गप्प बसला त्याने आज कुठल्या तोंडाने 'राहा' म्हणायचं, हे मिस्त्रींना उमगेना. लेक सामान बांधत होती तेव्हा ते दोनदा दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा दोरी हवी का एवढंच विचारून आले. ती गेली. जाताना पायाही पडली, नीट जेवा म्हणाली, सगळं रीतसर केलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

रेडिएटर मात्र चालला. डॉक्टरांचे शौकीन दोस्त आले, त्यांचे दोस्त आले. मिस्त्री दिवसभर जोड घालत. ड्रॉइंग त्यांना तोंडपाठ झालं होतं. गिऱ्हाइकाने काही विचारलं तर झोपेतही उत्तर देता आलं असतं.

एक दिवस एक नवा माणूस आला, लाल गाडीवाला. जाळी एवढी जाड का, कडेला या पट्ट्या कशाला, असं त्याने विचारलं. मिस्त्रींनी हात पुसले.

"ते आमच्या इंजिनिअर बाईंना विचारा," ते म्हणाले. "थांबा, लावून देतो."

असं ते अलीकडे सगळ्यांनाच सांगत. त्यांनी नंबर लावला, पलीकडून "हॅलो" आलं. "गिऱ्हाईक आहे, बोल हं," एवढं म्हणून त्यांनी फोन त्या माणसाच्या हातात दिला. मग ते जवळच एका गाडीवर वाकले आणि पाईपची आधीच घट्ट असलेली क्लिप आवळत राहिले. पलीकडचे शब्द ऐकू येत नव्हते, नुसता आवाज येत होता, न अडखळणारा, मधूनच हसणारा. त्या माणसाने आणखी एक शंका विचारली. मिस्त्रींना त्याचं बरं वाटलं.

"कळलं, कळलं. थँक्यू मॅडम," तो माणूस म्हणाला.

मिस्त्रींनी पान्हा खाली ठेवला, हात पँटला पुसला आणि पुढे केला. त्याने फोन परत दिला. मिस्त्रींनी तो कानाला लावला. तोवर पलीकडून तो बंद झालेला होता.