धुराकडची जागा

समुद्रात डुबक्या मारून शंख वेचणाऱ्या बायका किनाऱ्यावर आल्या की दगडी आडोशातल्या शेकोटीभोवती बसतात, आणि कुणी कुठं बसायचं ते जिच्या तिच्या जाळीनं ठरतं. जिची जाळी जड, ती वाऱ्याकडच्या बाजूला. तिला ऊब मिळते, धूर लागत नाही. जिची हलकी, तिनं समोर बसायचं, डोळे चोळत, खोकत. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण जेजू बेटावरच्या त्या गावात ते मोडायची कुणाची टाप नव्हती.

कुमजा म्हातारी पंचाहत्तरीला टेकली होती आणि वाऱ्याकडच्या जागेवर पाय पसरून बसत होती. नाकावर माशी बसू देत नसे. समोर धुरात बसायची इन्दोक. दोघी एकाच वयाच्या, लहानपणी एकाच सुक्या भोपळ्याला धरून पोहायला शिकलेल्या. खरं तर वाऱ्याकडची जागा आयुष्यभर इन्दोकची. काळ्या खडकापलीकडच्या खवळत्या पाण्यात उतरावं तर तिनंच. पण गेली दोन वर्षं तिची जाळी हलकी यायला लागली, आणि एक दिवस कुणी सांगायच्या आत ती आपणहून उठून धुराकडे जाऊन बसली.

"काय गं इन्दोक, खाली जाऊन झोप काढतेस की काय?" कुमजा रोज विचारायची.

"वय झालं बाई."

"आणि मी काय काल जन्मले? चार महिन्यांनी मोठी आहे मी तुझ्याहून."

"तुझी गोष्टच वेगळी," इन्दोक म्हणायची, आणि खोकायची.

कुमजाची गोष्ट वेगळी होती ती अशी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दोन वर्षांपूर्वी मुलगा योंगसू बुसानहून आला तो भांडायलाच. "आई, तुला धड दिसत नाही. एक दिवस तुझा बोया नुसताच तरंगताना सापडेल. चल माझ्याकडे." त्याच्या घरी ती एकदा आठवडाभर राहिली होती. बाराव्या मजल्यावरची खिडकी उघडत नसे. पाण्याखाली जन्मात कधी घुसमटला नव्हता तो जीव तिथं घुसमटला होता.

"ज्या दिवशी माझी जाळी रिकामी येईल, त्या दिवशी बोचकं बांधीन," कुमजानं ठणकावलं होतं. "तोवर या विषयावर तोंड उघडायचं नाही."

अंगणात समुद्री शेवाळ वाळत घालायला इन्दोक आली होती. तिनं ऐकलं, आणि शेवाळ पालथं करत राहिली.

तेव्हापासून कुमजा खडकाच्या अलीकडच्या संथ पाण्यात उतरू लागली. ते पाणी म्हाताऱ्यांसाठीच राखलेलं असतं. वर तरंगता नारिंगी बोया, त्याखाली जाळी सोडलेली, आणि ही खाली चाचपडत शंख गोळा करायची. वर येऊन जाळीत टाकायची, पुन्हा खाली. किनाऱ्यावर येईतो जाळी भरलेली. मुलगा फोनवर विचारायचा आणि ती ऐटीत सांगायची.

हिवाळ्यात इन्दोकचा खोकला छातीत उतरला आणि ती झोपेतच गेली. कुमजा पोटभर रडली. मनात एकदा असंही येऊन गेलं की बाई दोन वर्षं थकलेलीच होती.

दुःखाचे दिवस सरले, बायका पुन्हा पाण्यात उतरल्या. कुमजाच्या जाळीत तीन शंख. दुसऱ्या दिवशी दोन. समुद्र रुसलाय, ती म्हणाली. शंख निवडायला हातात घेतले आणि तिची बोटं थबकली. गुळगुळीत होते. संथ पाण्यातल्या शंखांना काटे फुटत नाहीत. काटे येतात ते खडकापलीकडे, लाटांचा मार खाऊन. हे त्या गावात शेंबड्या पोरीलासुद्धा ठाऊक असतं. आणि गेली दोन वर्षं कुमजाच्या बोटांना रोज काटे टोचत होते. प्रवाहानं वाहून आले असतील, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. स्वतःची पाठ थोपटायला माणसाला काहीही पुरतं.

बायका पांगल्यावर ती मिरांगकडे वळली. मिरांग त्यांच्यातली सगळ्यात लहान, म्हणजे पन्नाशीची. नवरा नाही, लेक सोलला शिकायला.

"तुला ठाऊक होतं?"

मिरांगनं शेकोटीतलं लाकूड उगाच सरकवलं. "सगळ्यांना होतं, मावशी. तुम्ही खाली गेलात की ती खडकाला वळसा घालून तुमच्या बोयापाशी यायची आणि आपली जाळी तुमच्या जाळीत मोकळी करायची. आम्हाला आईची शपथ घातली होती."

"आणि मी तिला रोज..."

"हो."

"काही म्हणायची का?"

"एकदा मीच चिडले, तर म्हणाली, बोलू दे गं तिला. टोमणे मारताना कुमजाचा आवाज अगदी विशीतल्यासारखा लागतो."

कुमजा उठली आणि धुराकडच्या जागेवर जाऊन बसली. दोन वर्षं ती जागा रोज समोर दिसत होती, पण तिथं घसा कसा सोलून निघतो ते ती विसरून गेली होती. ती खूप वेळ रडली. दोन वर्षांत आपण तिला एकदाही विचारलं नाही की बाई, तुझा हा खोकला कसला.

दुसऱ्या दिवशी ती वर आली तर जाळी जड. हात घातला, काटे लागले. थोड्या अंतरावर मिरांग भलतीकडेच बघत, डुबकीनंतर सगळ्याच बायका सोडतात तसा शीळ घालत श्वास सोडत होती. तिची जाळी पाण्यात हलकी डुलत होती.

कुमजा बोयाला धरून थांबली. मिरांग खाली जाईपर्यंत थांबली. मग पोहत तिच्या बोयापाशी गेली आणि आपली जाळी तिच्या जाळीत मोकळी केली. एक शंख दोऱ्यात अडकला होता, तोही सोडवून टाकला.

शेकोटीपाशी मिरांग धुराकडे निघाली.

"तिथं कुठं? तुझी जाळी बघ आधी," कुमजा म्हणाली.

मिरांगनं जाळी उचलली. तिचा चेहरा उतरला. "मावशी, हे तर..."

"वाऱ्याकडे बस. शपथ मलाही घालता येते." तिनं आपली जाळी सगळ्यांसमोर उलटी करून झटकली. पाण्याचे थेंब पडले, बाकी काही नाही.

संध्याकाळी तिनं स्वतःहून योंगसूला फोन लावला. "जाळी रिकामी आली."

त्याचा आधी विश्वास बसेना. "एकही नाही?"

"एकही नाही."

"अखेर वेळ आलीच ना? मी तेव्हाच सांगत होतो, आई."

"सांगत होतास खरा," कुमजा म्हणाली. बोटं अजून हुळहुळत होती. "माझं अंथरूण खिडकीपाशी घाल. उघडत नसली तरी चालेल."