सुरुवात नसलेली फिल्म

आज सकाळी अकरा वाजता जुन्या जालन्यात, ज्योत्स्नाच्या घरी, माझा डबा उघडला गेला. झाकण गंजलं होतं. चमच्याच्या दांड्यानं उचकटावं लागलं. आंबूस वास खोलीभर पसरला. तिची आई गिरिजाबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "लोणचं नासलं की काय यात!"

मित्रांनो, मी एक जुनी फिल्म आहे. तो वास माझाच. माझ्या जातीची फिल्म सडू लागली की असा व्हिनेगरसारखा वास सुटतो.

माझा जन्म अमेरिकेतला. ओटिस ब्रँडल नावाच्या निर्मात्यानं मला बनवलं. तो दहा-दहा मिनिटांच्याच फिल्मा काढायचा. थिएटरात मोठा सिनेमा सुरू होण्याआधी त्या दाखवत. पाव भाजणारे, आगीचे बंब, आंधळ्यांना रस्ता दाखवणारी कुत्री, असे त्याचे विषय. तरुणपणी तो वृत्तपटांच्या कंपनीत रिळं वाहायचा, तिथंच शिकला. एके काळी त्याची स्वतःची इमारत होती. पण लोक यायचे हिरोसाठी. ओटिसचं नाव पडद्यावर यायचं, तेव्हा ते अंधारात खुर्च्या शोधत असायचे. मग घरोघरी टीव्ही आला. थिएटरवाल्यांनी छोट्या फिल्मा घेणं सोडलं. माणसं गेली, इमारतही गेली. मी त्याची शेवटची: बर्फाळ डोंगरातला मेंढपाळ आणि त्याची मेंढरं. माझे तुकडे जोडताना तो एकटाच असायचा, स्वतःशी बोलायचा, म्हणून एवढं ठाऊक. पुढे सरकारी मदतीच्या सामानातून मी भारतात आले. त्याचं काय झालं, मला माहीत नाही.

इथं मी गावोगाव फिल्मा दाखवत फिरणाऱ्या सरकारी प्रसिद्धी खात्याच्या गाडीत तातेरावांच्या हाती आले. तातेराव म्हणजे ज्योत्स्नाचे आजोबा, गाडीतलं सिनेमाचं मशीन चालवणारे. इंग्रजी आवाज बंद करून ते स्वतःच भोंग्यावरून गोष्ट सांगत. वडीगोद्रीला बर्फ पाहून धुळाजी धनगर ओरडला, "तातेराव, एवढा कापूस कुणाचा सांडलाय? अन् मेंढरं सोडून हा बाबा निस्ता बसून राह्यला!"

"सासरा पैसेवाला हाय त्याचा," तातेराव भोंग्यातून म्हणाले. माणसं पोट धरून हसली.

अडचण एकच होती. आधीची फिल्म अक्षरांनी संपायची आणि मी अक्षरांनीच सुरू व्हायचे. अक्षरं दिसली की खेळ खलास, अशी लोकांची समजूत. ते घोंगड्या झटकून उठत. "अरे बसा, आता तर सुरू होऊन राह्यलं!" तातेराव ओरडत, तोवर अर्धी माणसं घरी गेलेली. शेवटी जांब समर्थच्या मुक्कामी त्यांनी माझी सुरुवातीची पट्टी कात्रीनं कापून टाकली. ओटिसचं नाव तेवढ्या पट्टीतच होतं. तातेरावांच्या मनात वाईट काही नव्हतं. लोक बसावेत, एवढंच. लोक बसलेही. गावोगाव मला 'तातेरावची फिल्म' म्हणू लागले.

गाडी मोडीत निघाली, तेव्हा साहेबाला विचारून त्यांनी मला घरी आणलं. मग तेही गेले. घरात मशीन नव्हतं. पुन्हा कुणी मला उजेडासमोर धरलं नाही. बंद डब्यात सोबतीला फक्त आपलाच वास असतो.

आज ज्योत्स्नानं जुन्या फिल्मा जपणाऱ्या एका संस्थेला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. "पाठवा ना. कदाचित ही एकच प्रत उरली असेल. पण निर्माता कोण? नाव माहीत असलेल्या फिल्मा आम्ही आधी दुरुस्तीला घेतो. बिननावाच्या फिल्मांचा ढीग मोठा आहे, आणि असा वास येत असेल, तर ती फार दिवस टिकायची नाही."

"तुझ्या आजोबाचं नाव सांग की," गिरिजाबाई कुजबुजली. "सारा मुलूख तातेरावचीच म्हणायचा."

"आई, आजोबांनी दाखवली. बनवली न्हाई."

"मंग बनवणारा येऊन राह्यला का भांडायला?"

ज्योत्स्नानं माझं पहिलं टोक खिडकीशी धरलं. तिथं थेट मेंढरंच आहेत.

मित्रांनो, ते नाव मला ठाऊक आहे, पण अंगावर जे उरलंय तेवढंच मी दाखवू शकते. जुनी वस्तू जपाल, तेव्हा ती कुणी केली तेही विचारून ठेवा. सांगणारा हयात आहे तोवरच.

"नाव संध्याकाळपर्यंत कळवते," म्हणत ज्योत्स्नानं फोन ठेवला होता. आता दिवेलागण झाली आहे. वास सोसेना म्हणून मला बाहेर गॅलरीत ठेवलंय. आत फोन वाजतोय. अजून कुणी उचललेला नाही.