चौथ्या स्वाध्यायातली चूक

पडद्यावर डोकं तिचं होतं आणि खाली नाव दादाचं होतं.

मास्तरीण शेवटच्या रांगेमागे प्रोजेक्टरची सैल वायर धरून उभी होती. दादानेच सांगितलं होतं, "जरा वायरीकडे बघशील का गं?" समोर तीस विद्यार्थी लॅपटॉप उघडून बसलेले आणि पहिल्या रांगेत विभागप्रमुख बाई, मांडीवर वही. शिकवण्याची एकच कायमची जागा निघाली होती. आज दादाचा वर्ग, पुढच्या आठवड्यात मास्तरणीचा, मग बाई ठरवणार. दादा आपले जुने स्वाध्याय घेणार होता, ती तिचे नवे. ठरलंच होतं तसं! आणि आता पडद्यावरच्या यादीत एकाखाली एक तिचेच सहा स्वाध्याय, तिच्याच शब्दांत, अगदी तिच्या विनोदासकट.

दादा काही तिचा सख्खा भाऊ नव्हे. सात वर्षांपूर्वी ती ह्या प्रयोगशाळेत बुजत बुजत आली, तेव्हा त्याने तिला हाताला धरून काम शिकवलं. दिसेल त्याला फळ्यावर समजावत सुटायची म्हणून मास्तरीण हे नावही त्याचंच. घरी आई विचारायची, "तिथे कोणी आपलं माणूस आहे का गं?" तेव्हा ती म्हणायची, "दादा आहे ना."

विषय तसा किचकट. मेंदूत पाणी असतं, ते मज्जातंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतं आणि स्कॅनर ते सरकणं टिपतो. तंतू काही दिसत नाहीत. इवल्याशा ठोकळ्यात पाणी कुठे जास्त धावलं ते बघायचं आणि तंतूची दिशा ताडायची. ठोकळ्यात एकच दिशा असली तर सोपं. पण दोन तंतू एकमेकांना छेदून गेले की साधं गणित बावचळतं आणि दोघांच्या मधलीच एखादी दिशा ठोकून देतं, जिथून एकही तंतू जात नाही. हे पोरांच्या गळी उतरवायला ती आठ महिने खपली होती.

त्यासाठी एक चांगला स्कॅन हवा होता, आणि तिने स्वतःचं डोकं पुढे केलं. ही मास्तरीण कोंडल्यासारखं होतं म्हणून लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, सात मजले जिने चढते! तिने स्कॅनरच्या नळकांड्यात पंचावन्न मिनिटं निजायचं, तेही तसूभर न हलता. काचेपलीकडे मशीनवर दादा होता. दर पाच मिनिटांनी कानात त्याचा आवाज यायचा, "मास्तरीण, घाबरू नकोस. मी इथेच आहे." ती हलली नाही.

स्वाध्याय तयार झाले तसे तिने सगळ्यात आधी त्याला पाठवले. दोन दिवसांनी तो म्हणाला, "कच्चं आहे गं अजून. आत्ता बाईंना दाखवलंस तर हसं होईल. मी हात फिरवतो, माझ्यावर सोड." तिने सोडलं. केसाने गळा कापतात म्हणे, तो असा.

आता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि तरी ती वायर धरून उभीच होती. पहिले तीन स्वाध्याय झोकात पार पडले. बाई मान डोलवत होत्या. मग चौथा आला.

मास्तरणीची एक खोड होती. तीन स्वाध्याय सरळ गेले की चौथ्यात ती मुद्दाम एक चूक पेरायची. चूक पकडल्याशिवाय पोरं शिकत नाहीत, असं तिचं ठाम मत. उत्तरांची वही तिने वेगळी ठेवली होती. दादाने ती मागितलीच नाही. मागेल कशाला? त्याने चौथा स्वाध्याय एकदाही सोडवून बघितला नव्हता.

एका मुलीने हात वर केला. "सर, मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांना जोडणारा हा पूल कमानीसारखा वळायला हवा ना? इथे रेघा कमान सोडून भलतीकडेच फुटतायत."

दादाने पडद्याकडे बघितलं, मग बाईंच्या वहीकडे, आणि मग थेट शेवटच्या रांगेकडे. ती नजर तिला पाठ होती. सांभाळून घे. सात वर्षांत तिने किती वेळा सांभाळून घेतलं असेल! आज तिने खाली वायरीकडे बघितलं.

"असं आहे," दादा माइकमध्ये हसला, "हा एका स्वयंसेवकाचा स्कॅन आहे. ह्या व्यक्तीच्या मेंदूतच जन्मजात दोष दिसतोय."

कुणीतरी "बिचारा!" म्हणालं, आणि वर्ग हसला.

वायर तिच्या हातातून सुटली. पडदा क्षणभर काळा होऊन परत उजळला.

"ते डोकं माझं आहे," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, थरथरू दे. "त्यात काहीही दोष नाही. स्कॅनरने ज्या दिशांनी मोजलं त्यांच्या तक्त्याची पहिली ओळ उघडा. अधिकचं उणे करा, उण्याचं अधिक. आणि परत चालवा."

तीस कीबोर्ड खडखडले. पडद्यावरच्या रेघा हळूहळू वळल्या आणि कमान नीट उभी राहिली. "आलं!" ती मुलगी ओरडली.

बाई मागे वळल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"मीच पेरलीय ती चूक. सगळे स्वाध्याय मी लिहिलेत."

"अगं, आपण दोघांनीच तर…" दादाने सुरुवात केली.

"मग ही चूक तुम्हाला ठाऊक हवी होती," बाई त्याला म्हणाल्या. बाईंनी वहीत काहीतरी खोडलं. "इथून पुढचा वर्ग ह्या घेतील."

ती पुढे गेली. माइक देताना दादाने तो तळव्याने झाकला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खरंखुरं. "चारचौघांत करायची काय गरज होती? मला एका शब्दाने सांगायचंस. मी इथेच होतो ना."

"होतास," ती म्हणाली. "म्हणून तर मी हलले नव्हते."

मग ती वर्गाकडे वळली आणि पाचवा स्वाध्याय उघडा म्हणाली. मधेच तिचा आवाज चिरकला. पोरांना वाटलं, माइक बिघडलाय.