खुर्चीपासून दारापर्यंत

मी शिंपीणबाईंच्या गळ्यातली टेप बोलतेय. एका अंगावर इंच, दुसऱ्यावर सेंटीमीटर, पण दोन्हीकडून खरंच सांगते. लोक माझ्यासमोर श्वास रोखून पोट आत घेतात. मी मनातल्या मनात हसते आणि त्यांनी श्वास सोडेपर्यंत थांबते.

बाईंची भाची एका कचेरीत कामाला आहे. तिथल्या मोठ्या साहेबांनी फायलींच्या खोलीत दार लोटून तिच्या अंगाला हात लावला. तिने तक्रार केली. चौकशी समिती बसली आणि समितीने पहिलं बोलावणं कुणाला धाडावं? साहेबांना नाही, मला! भाचीचा त्या दिवशीचा कुर्ता टेबलावर अंथरला होता. तो बाईंनीच शिवलेला.

"उंची घ्या," अध्यक्ष म्हणाले.

"चव्वेचाळीस इंच," बाईंनी मला लावून सांगितलं.

अध्यक्षांचा चेहराच पडला. मग गळा मोजला, बाह्या मोजल्या. कुठेच काही सापडेना. शेवटी चिटणीसांना सुचलं, "एवढा लांब कुर्ता घातल्यावर पळता कसं येणार? म्हणजे चूक तिचीच!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. हसावं की रडावं, मला कळेना.

त्यानंतर भाची सारखी म्हणायची, "मावशी, अजून सैल शिव." कापड वाढत गेलं आणि पोरगी आत वाळत गेली. तिचं बोलणंही आटलं. तिला वेढा घालताना माझं टोक जास्त जास्त उरायचं, तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

दुसऱ्या बैठकीला बाई न बोलावता गेल्या. गळ्यातून मला काढलं आणि साहेबांच्या खुर्चीपासून फायलींच्या खोलीच्या दारापर्यंत जमिनीवर अंथरत निघाल्या. माझी लांबी पाच फूट. सहा वेळा लोळले.

"तीस फूट," बाई कडाडल्या. "साहेब एवढं चालून गेले. कुर्ता चालत आला नव्हता. लिहा!"

"टेप जुनी आहे," अध्यक्ष म्हणाले. "आजवर किती जणांच्या अंगाला लागली असेल, देव जाणे. हिचं काय खरं मानायचं?"

घ्या! आता माझीही चौकशी. कुर्त्यासोबत मलाही पाकिटात कोंबलं. चिटणीस डिंक लावत होते, तेवढ्यात कोपऱ्यातून भाची उठली.

"ठेवा टेप," ती म्हणाली. "अंतर मला पाठ आहे. आता माझं लिहून घ्या."

मी अजून पाकिटातच आहे. निकाल लागायचाय. तुमच्यापैकी कुणी हे पाकीट फोडलंत, तर कृपा करून कुर्त्याला हात लावू नका. मला घ्या आणि त्या खुर्चीपासून मोजायला लागा.