उतरणीची वाळू

थरच्या वाळवंटावर सकाळ उतरत होती. केशरी, कोवळी, निर्जल. वाऱ्याने रात्रभर रेखलेल्या लहरी टेकड्यांच्या पाठीवर उजळत होत्या. आणि त्या सुवर्णवर्णी वाळूखाली, खोल खोल, आणखी एक वाळवंट निजले होते. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. दगड झालेले.

त्याच्यातून आज तेल वर आले होते.

तेलविहिरीवरची माणसे आनंदाने ओरडत होती. भूगर्भतज्ज्ञ ऋता कुलथे तेवढी खालून काढलेल्या शिलाखंडावर हात ठेवून उभी होती. तांबूस शिळा, गोलगोल कण, बोटांना लागणारा ओशट काळोख.

"सर म्हणाले होते," ती पुटपुटली.

खांबेटे सर. त्यांनीच तिला दगड वाचायला शिकवले. पुष्कळ वर्षांपूर्वी नकाशात याच जागी बोट ठेवून ते भर बैठकीत म्हणाले होते, "इथं खाली टेकडीची उतरण आहे. वाऱ्यानं चाळलेली, निवडलेली वाळू. कणाकणांत पोकळी; तेल तिथंच साठतं."

आणि त्यांची हीच लाडकी विद्यार्थिनी, ऋता, उठून म्हणाली होती, "नाही सर. इथं दोन टेकड्यांमधला ओला खळगा आहे. गाळानं, क्षारांनी बुजलेला. तेलाला शिरायला वाटच नाही."

तिचे ऐकले गेले. विहीर दुसरीकडे खोदली, कोरडी निघाली. आपला शब्द डावलला गेल्यावर सर निमूट नोकरी सोडून मिरजेला परतले. ती त्यांना भेटली नाही. आधी अभिमानाने, मग लाजेने, मग नुसत्याच सवयीने.

आता ती निघाली. शिळेचा एक तुकडा पिशवीत घेऊन, वाळवंट ओलांडून, ऊसमळ्यांच्या हिरव्या, ओल्या प्रदेशात.

दार माईंनी उघडले. सरांची पत्नी, थकलेली, शांत.

"उशीर केलास गं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते शब्द अधिक लागले. "दिवाळीपर्यंत तुझं नाव घ्यायचे. आता माझंसुद्धा घेत नाहीत."

सर खिडकीशी बसले होते. शुभ्र, कृश, दूरस्थ. ऋताने दगड त्यांच्या ओंजळीत ठेवला. विझलेली बोटे हळूहळू जागी झाली. अंगठा तिरप्या रेघांवरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला.

"उतरण," सर म्हणाले. "वारा इकडून आला. वाळू इथं घसरली. काय सुरेख चाळलीय!"

"हो सर. तुम्ही म्हणाला होतात, तिथलीच..." वाटेत घोकलेली माफी ती मागू लागली.

सरांनी मान वर केली. डोळ्यांत निर्मळ, सभ्य परकेपणा.

"आपल्याला दगडांची आवड दिसते," ते म्हणाले. "माझी एक विद्यार्थिनी आहे, ऋता. तिला दाखवा हा. तिला कळेल."

ती त्यांच्या पायांशी बसून राहिली.

सरांचा अंगठा त्या प्राचीन उतरणीवरून उतरत राहिला. आणि कोट्यवधी वर्षे एकमेकांना धरून राहिलेले कण सुटत गेले, त्यांच्या पांढऱ्या धोतरावर सांडत गेले, एक, आणि एक, आणि आणखी एक.