क्वाकांच्या पिंजऱ्यातला खुरटा

दोष क्वाक दोकमानचा आहे. उन्हाचा नाही, समुद्राचा नाही, सरकारचाही नाही. त्या म्हाताऱ्याचा.

मी एक चनबोक बोलतोय, म्हणजे समुद्री गोगलगाय. पाठीवर कानाच्या आकाराचा एकच शिंपला, खाली मांसल पाय. चिकटून राहायचं आणि शेवाळ खायचं, एवढाच माझा धंदा. कोरियातल्या वान्दोच्या खाडीत म्हाताऱ्याच्या तरंगत्या पिंजऱ्यांत आम्ही हजारोंनी वाढलो. इथे आजाऱ्याला ताकद यावी म्हणून आमची पेज देतात. आमची स्वतःची ताकद मात्र कुणी तपासली नाही.

म्हातारा दरवर्षी सगळ्यांत मोठे तेवढे निवडायचा, त्यांचीच पिल्लं काढायचा आणि पुन्हा त्यांतले मोठे निवडायचा. एका वर्षी तो पूर्वजांच्या थडग्यांवर नमस्काराला गेला असताना त्याच्या नातीनं, हेवोननं, एका पाणबुड्या बाईकडून खडकावरची रानटी मादी आणली आणि अंड्यांच्या टाकीत सोडली. ती माझी आई. मी हळू वाढलो. म्हातारा मला ‘खुरटा’ म्हणायचा.

एक दिवस आम्हाला शेवाळ टाकता टाकता हेवोन म्हणाली, "आजोबा, मला थेग्यूशी लग्न करायचंय."

"कोण थेग्यू?"

"क्वाक थेग्यू. बंदरावर बर्फाचा कारखाना आहे त्यांचा."

"क्वाक? आपल्याच कुळातला? अगं, भाऊ लागतो तो तुझा!"

"सहाशे वर्षं मागं गेलं तर लागतो. आता कायद्यानंही चालतं."

"कायद्याला लाज नसेल, मला आहे. सगोत्रात लग्न केलंस तर पोरं अधू निपजतील."

हेवोननं शेवाळाचा भारा आमच्या डोक्यावर आपटला. "आणि ही? सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावता पिढ्यान् पिढ्या. तेव्हा कुठं जाते तुमची लाज?"

"हे जनावर आहे. तेही क्वाकांचं! अख्ख्या वान्दोत एवढं मोठं कुणाचं होतं का, दाखव."

मोठं होतं, हे खरं. म्हाताऱ्यांना तेवढंच दिसतं.

ऑगस्टमध्ये पाणी तापलं. ताप चढला की आमच्या अंगात मोडतोड सुरू होते. कुणाचं शरीर ती लगेच सांधायला घेतं, कुणाचं उशिरा, कुणाचं घेतच नाही. नाना तऱ्हांचे जीव असले की काही मरतात, काही तगतात. आमच्यात तऱ्हाच नव्हत्या. अख्ख्या वर्गानं एकाच हुशार पोराचं उत्तर उतरवावं आणि प्रश्नच बदलून यावा, तसं झालं. सगळ्यांची पकड एकदम सुटली. तळाच्या जाळीवर शिंपल्यांचा खच पडला, पाण्याला वास सुटला. मी पायाच्या चिंध्या होईस्तोवर धरून राहिलो.

म्हातारा पिंजऱ्याच्या काठावर बसला. "उन्हानं खाल्लं गं माझं सगळं."



उरलेल्या मोजक्यांत सगळ्यांत मोठा निघालो मी, खुरटा! म्हाताऱ्यानं मला तळहातावर घेतलं. डोळे पाणावले त्याचे. "बघ, याला म्हणतात क्वाकांचं रक्त!"

"त्याची आई बाहेरची होती, आजोबा. मीच आणली होती. म्हणून वाचलाय तो."

म्हाताऱ्यानं मला उलटा करून नीट पाहिलं. मला वाटलं, शिकला.

"असेल," तो म्हणाला. "पण आता क्वाकांचा आहे. यापुढच्या सगळ्यांचा बाप हाच. एकटा."

हेवोननं हातमोजे काढून फळीवर ठेवले. पुढच्या महिन्यात ती थेग्यूशी लग्न करून बुसानला गेली. म्हातारा लग्नाला गेला नाही. त्या दिवशी तो माझी होणारी पोरं एकमेकांना कशी लावायची, ते ठरवत होता.

वडीलधाऱ्यांनो, तुमची घराणी तुम्हाला लखलाभ. आम्हाला त्यांत ओढू नका.

मी आता टाकीत असतो. त्या उन्हाळ्यात माझा जवळजवळ अख्खा पिंजरा मेला आणि माझ्या पायाची पकड गेली. ती परत आली नाही.