सूर्यास्तानंतरची गोळी

मी वर्धमान चौगुल्यांचं हृदय बोलतोय. मिरजेजवळच्या गावात त्यांचा, म्हणजे अण्णांचा, आठ एकर ऊस आहे आणि छातीत, जरासा डावीकडे, मी आहे. उसाकडे ते रोज सकाळी जातात. माझी आठवण मात्र मी दुखल्याशिवाय त्यांना कधी झाली नाही.

त्यांच्या आईला दिवस गेल्याचं धड कळलंही नव्हतं, तेव्हा मी धडधडायला लागलो. तेव्हापासून दिवसाला लाखभर ठोके. दोन ठोक्यांच्या मध्ये टेकायला मिळतं, तेवढीच माझी सुट्टी. माझ्यात चार कप्पे आहेत. अंगभर फिरून काळवंडलेलं रक्त उजवीकडे येतं, ते मी फुप्फुसांकडे धाडतो. ताजं होऊन डावीकडे परतलं की जोर लावून पायाच्या नखापर्यंत पोचवतो. मध्ये झडपा आहेत, विहिरीवरच्या मोटारीला फूटवॉल असतो तशा. पुढे गेलेलं मागे येऊ देत नाहीत. मोटारीचं हे शास्त्र अण्णा गावाला शिकवतात. स्वतःच्या छातीतल्या मोटारीबद्दल विचाराल तर नन्नाचा पाढा.

एवढं रक्त माझ्यातून वाहतं, पण मला त्यातलं परस्पर पिता येत नाही. माझ्या अंगावरच्या बारीक नळ्या मला रक्त पाजतात. त्या थेट ठिबकच्या नळ्यांसारख्या. क्षार साचून ठिबक तुंबू नये म्हणून अण्णा न चुकता त्यात ॲसिड सोडतात. माझ्या नळ्यांत चाळीस वर्षांचं तळण साचत होतं, ते बघायला यांना सवड नव्हती.

दिवाळीआधी त्यातली एक नळी तुंबली. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्यात स्प्रिंग बसवली. सकाळच्या गोळ्या दिल्या आणि स्प्रिंगमध्ये रक्त साकळू नये म्हणून आणखी एक गोळी लिहून दिली. तिच्यापुढे कागदावर लिहिलं, ‘रात्री जेवणानंतर.’

इथेच घोटाळा झाला. अण्णांचं जेवण साडेपाचला. दिवस मावळला की पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा त्यांचा तरुणपणापासूनचा नेम. नेमाला मी नावं ठेवत नाही. लवकर जेवलेलं मलाही सोसतं. पण या गृहस्थांनी काय करावं? गोळी रात्रीची आणि रात्री तोंड बंद, म्हणून गोळीच सोडून दिली. कुणाला एका शब्दाने विचारलं नाही. पाकिटं कपाटात साठत गेली.

विजयमाला, त्यांची बायको, रोज झोपताना विचारायची, “आवं, गोळ्या घेतल्यासा का?”

“व्हय.”

सकाळच्या घेतलेल्या असायच्या, म्हणजे खोटंही नाही. असली चलाखी करणाऱ्याला गाव सज्जन म्हणतं.

ठिबकचा साधा फिल्टर घेताना दुकानदाराला चौदा प्रश्न विचारणारा हा माणूस. डॉक्टरपुढे मात्र तोंडात मिठाची गुळणी. म्हणे, एवढी शिकलेली बाई, तिला काय इचारायचं? याला ते मान देणं म्हणतात. मला तर याची कीव येते आणि रागही येतो.

पाचव्या महिन्यात, सकाळी ठिबकमध्ये ॲसिड सोडत असतानाच, माझ्या नळीत रक्ताची गुठळी धरली. मी कळवळलो. डावा हात भरून आला, घाम फुटला. अण्णा बांधावर बसून न्याहारी घेऊन आलेल्या विजयमालाला म्हणाले, “पित्त झालंय. वाईच ओवा दे.”

विजयमालाने ओवा दिला नाही. शेजारच्या लालासाहेबांना हाक मारली, गाडी काढायला लावली आणि मिरज गाठली.

डॉक्टरीणबाईंनी धावपळ करून नळी मोकळी केली. मग विचारलं, “अण्णा, रात्रीची गोळी घेत होता ना?”

“न्हाई बाई. दिवस मावळल्यावर आमी पाणीबी घेत न्हाई,” अण्णा म्हणाले. तेवढ्यातही आवाजात अभिमान होता.

बाई म्हणाल्या, “मग साडेपाचला जेवून घ्यायची. मला विचारायचं तरी.”

“पाच महिनं मी रोज इचारत हुते,” विजयमाला खाटेजवळून म्हणाली. “तुमी मला व्हय म्हणत हुता.”



माझा एक कोपरा त्या सकाळी मेला. तो परत जिवंत होत नाही, त्याला जागं करील असलं ॲसिड कुठल्या दुकानात मिळत नाही. उरलेला मी त्याच्या वाटचं काम ओढतोय. उसाच्या पलीकडच्या बांधापर्यंत गेलं तरी अण्णांना धाप लागते. भेटायला येणाऱ्यांना ते सांगतात, पुण्याई होती म्हणून वाचलो. ऐकून घेतो.

तुमच्याही छातीत माझा एक भाऊबंद राबतोय. त्याच्यासाठी हात जोडणं माझ्या स्वभावात नाही, पण एवढं ऐका. आम्हाला फक्त दुखता येतं. विचारायला तोंड लागतं, ते तुमच्याकडे आहे.

अण्णांच्या घरी आता साडेपाचच्या ताटाशी गोळी ठेवलेली असते. घेतली का, असं विजयमाला विचारत नाही. ते गिळेपर्यंत समोर उभी राहते आणि मग तोंड उघडून दाखवायला लावते.